अनुमोदक : महिपत कोंडाजी थळे

खारकोंडव्याच्या ग्रामपंचायतीत गेल्या सव्वीस वर्षांत तीन रस्ते, दोन विहिरी, एक व्यायामशाळा आणि पाच सरपंच होऊन गेले. त्यांपैकी व्यायामशाळा कागदावर आहे, रस्ते पावसाळा सोडून असतात, आणि दोन माजी सरपंच फोटोत आहेत. टिकून राहिली ती एकच गोष्ट. ठराव कोणताही असो, त्याच्याखाली ‘सूचक’ म्हणून कोणाचं ना कोणाचं नाव असतं, आणि ‘अनुमोदक’ म्हणून महिपत कोंडाजी थळे यांचं.

ठराव मांडतो तो सूचक, आणि ‘मला हे मान्य आहे’ म्हणून हात वर करतो तो अनुमोदक. एकटा माणूस बोलला तर गावात त्याला बडबड म्हणतात. दुसऱ्याने मान डोलावली की त्याच बडबडीचा ठराव होतो. तेव्हा लोकशाहीची सगळी मदार या दुसऱ्या माणसावर आहे, आणि खारकोंडव्यात तो दुसरा माणूस एकच होता.

महिपतचा जन्म जणू या कामासाठीच झाला होता. तीस वर्षं तो रेवसच्या धक्क्यावर दोर धरायला होता. भाऊच्या धक्क्याहून लाँच आली की वरचा खलाशी दोर फेकायचा, खाली महिपत तो धरायचा आणि खांबाला दोन वेढे मारायचा. तीस वर्षांत त्याने स्वतः दोर कधी फेकला नाही; ते त्याचं कामच नव्हतं. या नोकरीने त्याला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे वेळेच्या आधी हजर राहायची खोड, कारण भरती कोणासाठी थांबत नाही. दुसरी म्हणजे इंजिनाच्या आवाजाने निकामी झालेला डावा कान. त्यामुळे साडेदहाच्या ग्रामसभेला महिपत दहाला येऊन पहिल्या सतरंजीवर बसायचा, नीट ऐकू यावं म्हणून.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या अशाच एका सभेत त्या वेळच्या ग्रामसेवकाने ‘अनुमोदक कोण?’ असं विचारलं. सगळी सभा आपापल्या चपलांकडे बघू लागली. महिपतने हात वर केला. त्याला ‘जरा मोठ्यानं बोला’ असं म्हणायचं होतं. ते म्हणेपर्यंत ठराव मंजूर झाला होता.

तरीही दुसऱ्या कोणी पुढे कधीतरी हात वर केला असता. पण दोन वर्षांनी व्यायामशाळेची चौकशी लागली, आणि सूचक-अनुमोदकांना अलिबागला बोलावणं आलं. सूचक आजारी पडला. महिपत चार वेळा जाऊन आला. तीन वेळा त्याला चार वाजेपर्यंत बाकावर बसवून परत पाठवलं. चौथ्या वेळी साहेबांनी विचारलं, “तुम्ही अनुमोदन का दिलंत?”

“कोनी देत नव्हता म्हनून,” महिपत म्हणाला.

अख्ख्या चौकशीत मिळालेलं सरळ उत्तर तेवढंच होतं, त्यामुळे साहेबांनी ते लिहून घेतलं आणि फाईल बंद केली. गावाने मात्र यातून धडा घेतला : अनुमोदन दिलं की अलिबागच्या फेऱ्या. त्या दिवसापासून खारकोंडव्यात दुसऱ्या कोणाचा हात डास मारायलासुद्धा खांद्याच्या वर गेला नाही.

महिपतने मग सगळ्याला अनुमोदन दिलं. विहिरीला नाव देण्याच्या ठरावाला दिलं, आणि ते काढण्याच्या ठरावालाही दिलं. रस्त्यात पेंढ्याची उडवी रचणाऱ्या इसमास नोटीस देण्याच्या ठरावाला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती नोटीस सही करून घेतली, कारण उडवी त्याचीच होती. वडील कोंडाजी वारले तेव्हा शोकठरावाला दोन मिनिटं सगळ्यांबरोबर उभा राहिला, मग खाली बसून हात वर केला. पनवेलला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला होता त्या दिवशीही त्याने गावात नऊ ठरावांना अनुमोदन दिल्याची नोंद आहे.

यात चमत्कार काही नाही. खारकोंडव्यात सभेचं इतिवृत्त सभेच्या आदल्या दिवशी लिहून ठेवायची पद्धत आहे. ग्रामसेवक बाबाजी अत्यंत टापटिपीचे. सरकारने मध्यंतरी त्यांच्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पण गाव पूर्वीही त्यांना भाऊसाहेब म्हणायचं आणि आजही तेच म्हणतं. त्यांच्या वहीत खाडाखोड सापडणार नाही. सभेआधी खाडाखोड करायला कारण नसतं, आणि सभेनंतर वही कोणी उघडत नाही.

सभेची रीतही ठरलेली. ग्रामसभेला शंभर मतदार लागतात. साडेदहाला महिपत आणि तीन-चार जण असतात. भाऊसाहेब घड्याळ बघतात आणि ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’ असं जाहीर करतात. अर्ध्या तासाने तीच तहकूब सभा भरते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हा नियम ज्याने केला त्याला माणसांचा स्वभाव चांगला ठाऊक असणार. अकरा वाजता पंधरा-वीस माणसं जमतात, सव्वाअकराला सगळे ठराव झालेले असतात, साडेअकराला चहा. सव्वीस वर्षांत गणपूर्ती एकदाच झाली. त्या दिवशी मच्छरदाण्या फुकट वाटणार असल्याची अफवा होती.

यंदाच्या चैत्रात उघाडीची झडप सडली.

गावाची खारजमीन समुद्राकडे बांध घालून राखलेली आहे. त्या बांधाच्या पोटात जी मोरी आहे ती उघाडी. तिला बाहेरच्या बाजूने लाकडी झडप असते. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, भरतीला समुद्रच तिला दाबून बंद करतो. कोणाला सांगावं लागत नाही, कोणाला अनुमोदन द्यावं लागत नाही. तर या झडपेची खालची फळी कुजली आणि मांजर जाईल एवढं भोक पडलं. चैत्री पुनवेच्या भरतीला समुद्र त्या भोकातून आत आला, आणि आत आल्यावर त्याला जे पहिलं शेत लागलं ते महिपतचं अठरा गुंठ्यांचं.

महिपतची बायको तुळसा बांधावर बसली. तिने चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि म्हणाली, “यंदा भातात मीठ घालाला नको.”

खारं पाणी एकदा आलं तर धुऊन निघतं. पण ज्येष्ठातली उधाणं त्या भोकातून आत आली, तर तीन वर्षं तिथे लव्हाळ्याशिवाय काही उगवणार नाही, हे दोघांना ठाऊक होतं. त्याच्या शेतापलीकडे आणखी सोळा घरांची शेतं होती.

“जा ना मग,” तुळसा म्हणाली. “ठराव कर. सव्वीस वर्सां दुसऱ्यांच्या बोलन्याला हो बोलतस. आता येकदा सोता बोल.”

महिपत पंचायतीत गेला. भाऊसाहेबांनी ऐकून घेतलं आणि मागच्या वर्षीची वही काढली. “उघाडीचा ठराव तर झालेला आहे, महिपतदादा. ठराव क्रमांक अकरा. ‘गावची उघाडी सुस्थितीत असून दुरुस्तीची आवश्यकता नाही.’”

“हा कोनी केला?”

“वरून पत्र होतं, उघाड्यांची स्थिती कळवा म्हणून. नादुरुस्त लिहिलं की बारा रकान्यांचा तक्ता भरावा लागतो. सुस्थितीत लिहिलं की एक सही.” भाऊसाहेबांनी वही त्याच्याकडे फिरवली. “अनुमोदक बघा.”

महिपतने बघितलं. अक्षर सुरेख होतं.

“आनि मी हो बोललो?”

“तुम्ही नाही कधी बोललात?” भाऊसाहेबांनी विचारलं. त्यात खोच नव्हती. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

आता तो ठराव रद्द करून नवा करायचा तर एक मेची ग्रामसभा. तिच्या विषयांची नोटीस निघून गेली होती, तेव्हा उघाडीचा विषय यायचा तर ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून. आणि तहकूब सभेत आयत्या वेळचा विषय घेता येत नाही. नोटिशीवर असेल तेवढंच. म्हणजे पहिलीच सभा, साडेदहाची, शंभर माणसांनिशी भरायला हवी.

“नाहीतर पंधरा ऑगस्टला घेऊ,” भाऊसाहेब समजुतीने म्हणाले.

“तवर मी बोंबील लावू शेतात?” महिपत म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने पंचायतीच्या कचेरीत केलेला हा पहिला उलट सवाल. भाऊसाहेबांचं पेन हातातच राहिलं.

पुढचे आठ दिवस महिपत सायकल घेऊन गावात फिरला. सोळा घरं तर त्याच्याबरोबर होतीच. उरलेल्या गावातही असं माणूस नव्हतं, ज्याला त्याने कधी ना कधी हाताला धरून लाँचवरून धक्क्यावर उतरवलं नव्हतं. पण उपकाराने माणूस सभेला येतो, वेळेवर येत नाही. तेव्हा महिपतने धक्क्यावरची जुनी युक्ती काढली. साडेनऊची लाँच पकडायची असेल, तर गावकऱ्यांना ‘नवाला सुटते’ असं सांगावं लागतं. त्याने घरोघर सांगितलं, “सभा साडेनवाला हाय. बरोबर साडेनवाला.”

एक मेला सव्वादहापर्यंत शाळेची ओसरी भरली. सरपंच नूतनताई आणि त्यांचे यजमान रतनशेठ आले, तेव्हा बसायला खुर्च्यांपर्यंत वाट नव्हती. रतनशेठ पंचायतीत कोणी नाहीत. ते नूतनताईंच्या खुर्चीमागच्या खुर्चीवर बसतात, एवढंच. त्या दिवशीच्या विषयपत्रिकेवर नववा विषय त्यांचा होता : खारीलगतच्या जागेत पर्यटकांसाठी बांधायच्या कॉटेजेसना ना-हरकत दाखला.

“कोन मेला?” गर्दी बघून रतनशेठनी हळूच विचारलं.

“गणपूर्ती दिसते आहे,” भाऊसाहेब म्हणाले, आणि मोजायला उठले. त्यांनी दोनदा मोजलं. “नव्व्याण्णव. एक कमी. सभा तहकूब.”

“मना मोजला काय?” पहिल्या सतरंजीवरून महिपत म्हणाला.

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. खरंच मोजला नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना तो शाळेच्या घंटेसारखा, फळ्यासारखा दिसत आला होता. त्यांनी खाली वाकून लिहिलं : उपस्थित शंभर.

रतनशेठ नूतनताईंच्या कानाशी लागले. “आधी म्हातार्‍याचा विषय घेऊन टाका. म्हंजे ही गर्दी पांगल. मग आपलं शांतपनी करू.”

नूतनताईंनी परवानगी दिली. महिपत उठला. त्याने खिशातून कागद काढला, जो तुळसाने तीनदा वाचून घेतला होता, आणि एका दमात म्हणाला, “मागचा अकरा नंबरचा ठराव रद्द करावा, आनि उघाडीला नवी सागाची झडप आठ दिवसांत बसवावी. सूचक मी.”

“अनुमोदक?” भाऊसाहेबांनी विचारलं.

नव्व्याण्णव माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली.

महिपतने मागे वळून बघितलं. सोळा घरं समोर बसली होती. “काशीवहिनी?”

“मी दिला असता रे,” काशीबाय म्हणाली, “पन गुडघं. अलिबागचा जिना चढवत न्हाय.”

“जीवन, तू?”

“काका, ड्युटी. चार खाडे झाले तर सुपरवायझर घरी बसवेल.” जीवन कळवळून म्हणाला. “तुमीच द्या ना. तुमीच देता.”

“व्हय, महिपतच देतो,” सभा म्हणाली. सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊसाहेबांनी लिहायलाही घेतलं होतं.

“ओ भाऊसाहेब,” रतनशेठ म्हणाले. “सूचक आनि अनुमोदक येकच इसम चालत न्हाय.” रतनशेठना सभेचा नियम एकच ठाऊक होता, पण तो बरोबर होता.

भाऊसाहेबांनी खिन्नपणे मान हलवली. “अनुमोदकाअभावी विषय बारगळला.”

काशीबाय गुडघ्यांवर हात देऊन उठायला लागली. महिपत जागेवर बसला. त्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“विषय पहिला,” भाऊसाहेब म्हणाले. “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सूचक चांगदेव. अनुमोदक महिपत थळे. विषय दुस—”

“मी हात वर केला न्हाय,” महिपत म्हणाला.

उठणारी माणसं अर्ध्यात थांबली.

“पण तुमचं नाव लिहिलेलं आहे,” भाऊसाहेबांनी वही दाखवली.

“मग खोडा.”

‘खोडा’ हा शब्द ऐकून भाऊसाहेबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी घरातलं गेलं. चौदा विषय होते. चौदा ठिकाणी त्यांनी काल संध्याकाळी, ओळ न सोडता, तेच नाव लिहिलं होतं. “महिपतदादा, असं करू नका. निदान पहिल्याला तरी.”

“दुसरा कोनी द्या रे,” रतनशेठ सभेला म्हणाले. सभेने चपला आणखी निरखल्या. त्यांनी चांगदेवकडे बघितलं. चांगदेव सूचक होता, तो सुटला. त्यांनी जीवनकडे बघितलं. “ड्युटी,” जीवन म्हणाला.

रतनशेठ खुर्चीवरून उठून पहिल्या सतरंजीशी आले आणि उकिडवे बसले. “महिपतदादा, राग आला काय?”

“राग कसला?” महिपत म्हणाला. “मी दोर फेकलाय. तो कोनीतरी धराला पायजे. तवर माझं हात मोकळं न्हायत.”

“पन माझा नववा विषय हाय!”

“माझा पन होता.”

मागे कोणाचंतरी पोर खोकलं. आतापर्यंत समोरच्या कागदांकडे बघत बसलेल्या नूतनताईंनी मान वर केली.

“शेठ,” त्या म्हणाल्या. चारचौघांत त्याही नवऱ्याला शेठच म्हणायच्या. “तुमचं नाव मतदार यादीत आहे ना?”

“हाय. का?”

“मग तुम्ही द्या महिपतदादांना अनुमोदन.”

“मी?”

“अलिबागला तुम्ही तसेही रोज जाता.”

पहिली काशीबाय हसली. मग ओसरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत हसू गेलं आणि परत आलं. रतनशेठ बुलेटवरून रोज सकाळी अलिबागला कशासाठी जातात हे नूतनताई सरपंच झाल्यापासूनच्या सव्वीस महिन्यांत गावाला कळलं नव्हतं, पण जातात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“विषय बारगळलाय,” रतनशेठ म्हणाले. “परत कसा घेनार?”

“अध्यक्षांच्या परवानगीनं. पंचायतीच्या पाटीवर सरपंच म्हणून माझं नाव आहे. आज मीही वाचलं येताना.”

रतनशेठनी भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी वहीत बघितलं. शेवटी रतनशेठनी उजवा हात छातीपर्यंत वर केला, टॅक्सी थांबवावी तसा.

“वर,” महिपत म्हणाला. “कोपर सरल ठेवा. भाऊसाहेबांना दिसाला पायजे.”

रतनशेठनी कोपर सरळ केलं. भाऊसाहेबांनी जागा करून लिहिलं : सूचक, महिपत कोंडाजी थळे. ठराव मंजूर झाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या वहीत आधीच वाजलेल्या असतात.

“झालं ना समाधान?” रतनशेठ कपाळ पुसत खुर्चीकडे परतले. “आता घ्या पटापट. विषय पहिला. हात वर करा, दादा.”

“वाचा,” महिपत म्हणाला.

“काय वाचा?”

“विषय पयला. इतिवृत्त वाचून कायम करने. तुमीच लिवलाय, वाचून. मागं न वाचता हो बोललो, तर शेतात दर्या आला.”

इतिवृत्त वाचायचं असतं, ही गोष्ट भाऊसाहेब नोकरीच्या परीक्षेनंतर विसरले होते. त्यांनी घसा साफ केला आणि मागच्या सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जायला निघालेली माणसं परत बसली. मागच्या सभेत गावात एवढं सगळं घडलं होतं हे त्यांना नवीन होतं. ‘उपस्थितांनी उभे राहून सरपंचांचे अभिनंदन केले’ इथे काशीबायने विचारलं, “कवा? मी तर बसलेली.” ते खोडावं लागलं. ‘व्यायामशाळेच्या खिडक्यांना रंग देण्यात आला’ इथे जीवनने फक्त “कुठे?” एवढंच विचारलं. तेही खोडलं. भाऊसाहेबांच्या वहीवर पाचोळा पडल्यासारखं दिसायला लागलं.

पहिला विषय पाऊण तासाने कायम झाला. महिपतने हात वर केला. चौथ्या विषयाला चहा संपला. सातव्याला घरून भाकऱ्या आल्या. दीड वाजता नववा विषय निघाला, तेव्हा रतनशेठ स्वतःच्या खुर्चीवर जवळजवळ आडवे झाले होते.

“खारीलगतच्या पडीक जमिनीशेजारील जागेत—”

“थांबा. पडीक कोनची?”

“तुमच्या बाजूची,” भाऊसाहेब म्हणाले. “म्हणजे, लिहायची पद्धत आहे तशी.”

“पडीक खोडा. शेतजमीन लिवा. मग हाय हात माझा.”

भाऊसाहेबांनी रतनशेठकडे बघितलंही नाही. त्यांनी ‘पडीक’वर रेघ मारली, वर ‘शेतजमीन’ लिहिलं आणि बाजूला सही केली. त्यांचं अक्षर तिथेही सुरेखच होतं. महिपतचा हात वर गेला. रतनशेठना दाखला मिळाला, आणि अनुमोदनाची जबाबदारीही. ते पुढचे दोन दिवस भाऊसाहेबांना फोन करून ‘अलिबागहून कायी आला काय?’ विचारत होते.

झडप सातव्या दिवशी बसली. ठरावात आठ दिवस होते, पण सुताराला महिपतने सहाच सांगितले होते.

ज्येष्ठ अमावस्येचं उधाण दुपारी बाराच्या सुमारास आलं. पाणी बांधाच्या कडेला लागलं. महिपत आणि तुळसा उघाडीवर उभे होते, छत्री एकच होती. बाहेरून समुद्राने झडपेला रेटा दिला. साग एकदा करकरला आणि चौकटीत घट्ट बसला. आतल्या बाजूला बोटभर पाणीही हललं नाही. दोघं भरती उतरेपर्यंत तिथेच थांबली.

मग तुळसा बांधावरून खाली उतरली. पावसाने धुतलेल्या शेतातली चिमूटभर माती तिने जिभेवर ठेवली, आणि बराच वेळ चव घेतली.

“यंदा भातात मीठ घालाला लागल,” ती म्हणाली.

महिपतने हात वर केला. कोपर सरळ होतं.